गाठीचे निरोप

आमच्या प्रयोगशाळेत रक्त नावाशिवाय येतं. जांभळ्या बुचाची नळी, तिच्यावर एक क्रमांक, तारीख आणि रक्त किती वाजता काढलं ती वेळ. माणूस कोण, कुठल्या गावचा, गाठ जिभेला आहे की गालात, यातलं काही मोजणी पुरी होईपर्यंत आम्हाला सांगत नाहीत. नाव तर कधीच नाही. तोंडाचा कर्करोग झालेल्यांच्या प्लाझ्मातून अतिसूक्ष्म पुटिका वेगळ्या काढायच्या, त्या निरोगी माणसाच्या टी-पेशींसोबत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींसोबत, ठेवायच्या आणि टी-पेशींचं पुढे काय होतं ते मोजायचं, हे माझं काम आहे.

बडोद्यात आमच्या काही पिढ्या गेल्या. दांडिया बाजारातलं घर अपुरं पडायला लागलं तेव्हा आम्ही छाणीला राहायला आलो. छाणी आता शहरातच धरतात, पण गावाचं तळं, जुनी जैन देरासरं आणि संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसं अजून आहेत. त्या ओट्यांवर मावा चोळला जातो. गुजरातेत गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे; सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून तळहातावर घासणं मात्र चालूच राहिलं. ज्या आजारावर मी काम करते त्याची सुरुवात मला रोज जाता-येता दिसते. वीस-बावीस वर्षांची मुलं दिसतात, ज्यांच्या तोंडात आताच तीन बोटं उभी मावत नाहीत.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा 1944 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली, आणि भारतातल्या पुरुषांमध्ये आजही सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. हे आठवलं की मला राग येतो. कारण माहीत आहे, जागा माहीत आहे, आरशात दिसेल अशी जागा आहे, आणि तरी माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर गाठ मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत उतरलेली असते.

एवढी मोठी परकी वाढ प्रतिकारशक्तीला दिसत कशी नाही, असं लोक विचारतात. दिसते. गाठीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तिच्या कडेला, कधीकधी तिच्या पोटातही, टी-पेशी बसलेल्या सापडतात. त्या पोचलेल्या असतात, पण मारत नाहीत. त्यांना थांबवलं कोणी, आणि गाठीपासून दूर, रक्तात फिरणाऱ्या त्यांच्या भावंडांनाही सुस्ती का आलेली असते, या प्रश्नाच्या एका तुकड्यावर आम्ही काम करतो.

जिवंत पेशी सतत काहीबाही बाहेर सोडत असते. तिच्या आत एक पोकळी तयार होते, त्या पोकळीच्या भिंतीतून आतल्या बाजूला बारीक कळ्या फुटतात, मग ती पोकळी पेशीच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन भिडते, उघडते आणि आतल्या कळ्या मोकळ्या होतात. या झाल्या एक्झोसोम. आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो. प्रत्येकीच्या अंगावर ज्या पेशीतून ती निघाली तिची प्रथिनं, पोटात तिचे आरएनएचे तुकडे. 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन आणि सेंट लुइसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटांनी कोवळ्या लाल पेशी पिकताना नको झालेली ग्राहक-प्रथिनं अशा पुटिकांतून बाहेर टाकतात हे दाखवलं, आणि बरीच वर्षं सगळ्यांनी त्यांना पेशीचा कचराच मानलं. 1996 मध्ये ग्रासा रापोझो आणि सहकाऱ्यांनी बी-पेशींच्या पुटिका टी-पेशींना जागं करू शकतात हे दाखवलं. 2007 मध्ये स्वीडनमधल्या गटाने एका पेशीच्या पुटिकेतला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन तिथे प्रथिन घडवतो हे सिद्ध केलं. कचरा म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट पेशींचं बोलणं निघाली.

हे सांगायला सोपं आहे. हातात धरायला फार अवघड.

रक्त काढलं की घड्याळ सुरू होतं. नळीत पडल्या पडल्या प्लेटलेट्स स्वतःच्या पुटिका सोडायला लागतात, आणि उशीर झाला तर आपण गाठीऐवजी नळीतल्या प्लेटलेट्सचंच ऐकत बसतो. म्हणून रुग्णालयातून नमुना निघाला की प्रयोगशाळेतला मुलगा दुचाकीवर तो थेट घेऊन येतो, न हिंदकळवता. दोनदा स्पिन देऊन प्लेटलेट्स खाली बसवायच्या. प्लाझ्मा फिका पिवळा हवा. गुलाबी झाक असेल तर लाल पेशी फुटल्या आहेत, तो नमुना बाद. दुधाळ असेल तर माणूस खाऊन आला आहे. हा त्रास रुग्णांचा कमी, निरोगी दात्यांचाच जास्त: रविवारच्या फाफडा-जलेबीचा मान बडोद्यात मोठा आहे, आणि सोमवारी सकाळी उपाशी या असं कितीही बजावलं तरी चहाबरोबर दोन गाठिये कोणाला खाणं वाटत नाहीत. प्लाझ्मातले चरबीचे कण आकाराने पुटिकांच्या जवळपास असतात आणि संख्येने कितीतरी पटींनी जास्त. ते सोबत आले तर पुढचं सगळं मोजमाप पोकळ.

पूर्वी आम्ही फक्त अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर काम करायचो. गुरुत्वाच्या एक लाख पट जोर. टायटॅनियमचा रोटर, समोरासमोरच्या नळ्यांचं वजन काट्यावर तंतोतंत जुळलेलं, नळी काठोकाठ भरलेली, नाहीतर ती निर्वातात चेपते. रन सुरू झाला की खोलीतली माणसं नकळत आवाज खाली आणतात आणि यंत्र ठरलेल्या वेगाला पोचेपर्यंत कोणी बाहेर जात नाही. त्या जोराने पुटिका तळाशी बसतात खऱ्या, पण अल्ब्युमिनही बसतं आणि पुटिका एकमेकींना चिकटतात. प्लाझ्मासाठी आता आम्ही सच्छिद्र मण्यांचा स्तंभ वापरतो. लहान प्रथिनं मण्यांच्या छिद्रांत शिरत-निघत रेंगाळतात, पुटिका छिद्रात मावत नाहीत म्हणून आधी बाहेर येतात. मग त्या खरंच पुटिका आहेत का याची खात्री: सीडी63, सीडी81 आणि टीएसजी101 ही प्रथिनं दिसायला हवीत, पेशीच्या आतल्या जाळीतलं कॅलनेक्सिन दिसता कामा नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रात त्या वाटीसारख्या खोलगट दिसतात आणि नवी मुलं तो आकार पाहून खूश होतात. तो आकार नमुना वाळवल्यामुळे येतो. गोठवून पाहिल्या तर गोल असतात. जे दिसलं ते आपण केलेल्या खटाटोपातून उमटलेलं नाही ना, हे विचारायची सवय मी या एका छायाचित्रावरून मुलांना लावते.

नंतर टी-पेशी. निरोगी दात्याच्या रक्तातून त्या वेगळ्या करायच्या, त्यांच्यात एक चमकणारा रंग भरायचा आणि जागं करणारा संकेत द्यायचा. पेशी दुभंगली की रंग निम्मा होतो, पुन्हा दुभंगली की त्याच्या निम्मा. सायटोमीटरच्या पडद्यावर प्रत्येक पिढीचं शिखर वेगळं उठतं. ज्या रक्तद्रवावर पेशी वाढवायच्या तो वासराचा असतो आणि त्यात गाईच्या पुटिका भरपूर, त्यामुळे तो आधी रात्रभर फिरवून स्वच्छ करावा लागतो. एका ताटलीत टी-पेशी एकट्या, दुसरीत निरोगी माणसाच्या पुटिका, तिसरीत नुसता बफर, चौथीत क्रमांकावरच्या रुग्णाच्या पुटिका. चौथ्या ताटलीत शिखरं कमी उठतात. पेशी मेलेल्या नसतात, पण त्या दुभंगत नाहीत. सीडी69, म्हणजे टी-पेशी जागी झाल्याची पहिली खूण, फिकी पडलेली असते.

पिट्सबर्गच्या थेरेसा व्हाइटसाइड यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगात हे वर्षानुवर्षं चिकाटीने पाहिलं. 2018 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की अशा रुग्णांच्या प्लाझ्मातल्या एक्झोसोमवर पीडी-एल1 जितकं जास्त, तितका रोग जोरात, आणि त्याच पुटिका टी-पेशींवरची सीडी69ची खूण दाबतात. पीडी-एल1 हे टी-पेशीच्या पीडी-1 या ग्राहकाला बसणारं प्रथिन. ते बसलं की टी-पेशी हात आखडते. आधी सर्वांची समजूत होती की यासाठी गाठीची पेशी आणि टी-पेशी एकमेकींना प्रत्यक्ष भिडायला हव्यात. पुटिका तो संकेत गाठीपासून सोडवून रक्तात नेतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशी पुटिका गिळतात. टी-पेशी सहसा गिळत नाहीत, त्यांना पृष्ठभागावरचा नुसता स्पर्श पुरतो.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या वेई ग्वो यांच्या गटाने मेलानोमाच्या रुग्णांवरचं जे काम प्रसिद्ध केलं, ते मी अनेकदा वाचलं आहे आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावते. उपचाराआधी रक्तातल्या पुटिकांवर पीडी-एल1 खूप असेल तर तो वाईट संकेत. पण पीडी-1 रोखणारं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तेच पीडी-एल1 वाढलं, तर तो माणूस औषधाला प्रतिसाद देण्याची शक्यता जास्त. टी-पेशी जाग्या होऊन हल्ला करतात तेव्हा इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि गाठ त्याला उत्तर म्हणून पुटिकांवर आणखी पीडी-एल1 चढवते. म्हणजे उपचारानंतरचा वाढलेला आकडा लढाई सुरू झाल्याची खबर असतो. कुठल्या वेळचं रक्त आहे हे माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. नळीवर तारीख आणि वेळ लिहिण्याबद्दल मी इतकी कडक का आहे, हे यावरून समजावं.

गाठीने हे सगळं शोधून काढलेलं नाही, आणि माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट ही आहे. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट ब्लेलॉक यांच्या गटाने उंदरांच्या प्रोस्टेट गाठीतून रॅब27ए हे जनुक काढून टाकलं. या जनुकाविना गाठीच्या पेशी पुटिका बाहेर सोडू शकत नाहीत. त्या गाठी वाढल्याच नाहीत. इतकंच नाही, अशी मुकी केलेली गाठ एका कुशीत आणि नेहमीची गाठ दुसऱ्या कुशीत दिली, तर दुसरीचीही वाढ रोखली गेली. प्रतिकारशक्तीला एकदा ओळख पटली होती. हा निबंध आमच्याकडे वाचला गेला तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, मग माणसात रॅब27ए बंद करणारं औषध का देत नाही?

उत्तर जुनंच होतं. रॅब27ए जन्मापासून बिघडलेली माणसं असतात. त्या आजाराला ग्रिसेली सिंड्रोमचा दुसरा प्रकार म्हणतात. या मुलांचे केस चंदेरी असतात, कारण रंगद्रव्याच्या पिशव्या जागेवर पोचत नाहीत. आणि त्यांची प्रतिकारशक्ती जिवावर बेतेल इतकी ढासळते, कारण टी-पेशींना शत्रूपेशी मारण्यासाठी विषारी कण बाहेर सोडायला हेच रॅब27ए लागतं. गाठ ज्या यंत्रणेने टी-पेशीला थांबवते, तिच्याच आधाराने टी-पेशी मारते. सरसकट बंद केली तर आपल्या बाजूचं हत्यारही गळून पडतं.

आणि नाळ. गरोदरपणात नाळेच्या पेशी आईच्या रक्तात पुटिका सोडतात. त्यांच्यावर फास-लिगँडसारखी प्रथिनं असतात, जी आईच्या टी-पेशींना आवर घालतात, म्हणून अर्धं परकं बाळ आईचं शरीर नाकारत नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी याच टेबलावर काम करत होते. ताटलीतल्या टी-पेशींना रुग्णाच्या पुटिका जे सांगत होत्या, त्याच जातीचं काहीतरी माझ्या रक्तात माझ्या टी-पेशींना सांगितलं जात होतं, आणि त्यावर माझ्या बाळाचा जीव अवलंबून होता. तेव्हापासून मी गाठीला कपटी, लबाड म्हणणं सोडलं. तरुण मुलं तसं लिहितात आणि मी ते खोडते. गाठ शरीराचीच भाषा बोलते, आणि ती इतकी अस्सल असते की टी-पेशीने तिच्यावर विश्वास ठेवण्यात टी-पेशीचं काहीच चुकत नाही. याच पुटिकांनी उलटं कामही होतं: 1998 मध्ये लॉरेन्स झित्वोगेल यांनी डेन्ड्रायटिक पेशींच्या पुटिका देऊन उंदरांमधल्या गाठी मागे हटवल्या होत्या.

आमच्या गल्लीतल्या एका दुकानदार काकांचा जबडा दोन वर्षांपूर्वी अर्धा काढला. ते मला बरेच दिवस टाळत होते. मावा सोडा म्हणून मी पूर्वी त्यांच्याशी भांडले होते. एकदा स्वतःच थांबले. शब्द नीट फुटत नव्हते, पण कळत होते. "बेन, रुग्णालयात संशोधनासाठी लोही आप्युं. मारा लोहीमां तमे शुं जुओ छो?" माझ्या रक्तात तुम्ही काय पाहता, असं ते विचारत होते. त्यांचं रक्त आमच्याकडे आलं असेल किंवा नसेल, मला माहीत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की गाठ रक्तातून शरीराच्या शिपायांना निरोप धाडते, थांबा म्हणून, आणि तो निरोप कसा ओळखायचा ते आम्ही पाहतो. ते म्हणाले, म्हणजे गाठ काढली की निरोप थांबतो? त्यांनी नकळत आमच्या प्रकल्पाचा मुख्य प्रश्न विचारला होता. मग त्यांनी विचारलं, यातून माझ्यासाठी औषध निघेल का. मी नाही म्हटलं. खोटी आशा दाखवणं माझ्या हातून होणार नाही.

औषधाच्या बाजूने जे खरंच घडलं ते मी त्यांच्या मुलाला सांगितलं, कारण त्याने खर्चाबद्दल वाचून धसका घेतला होता. पीडी-1 रोखणारं निव्होलुमॅब आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. मुंबईत टाटा स्मारकच्या डॉ. विजय पाटील आणि डॉ. कुमार प्रभाष यांच्या गटाने डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात नेहमीच्या 240 मिलिग्रॅमऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर 16.3 टक्के रुग्ण जिवंत होते. निव्होलुमॅबच्या जोडीने 43.4 टक्के. टी-पेशीवरचे ग्राहक झाकायला इतकं थोडं औषध पुरतं, हे आमच्यासारख्या देशातल्या लोकांनी तपासायलाच हवं होतं, आणि ते तपासलं गेलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आमच्या ताटल्यांत मात्र पीडी-एल1 झाकलं तरी टी-पेशी पूर्ण मोकळ्या होत नाहीत, थोड्या होतात. उरलेलं काम टीजीएफ-बीटा हे प्रथिन करतं, आणि सीडी39 व सीडी73 ही विकरं, जी पुटिकेच्या अंगावर बसून भोवताली टी-पेशींना दाबणारं अ‍ॅडेनोसिन तयार करतात. शिवाय प्लाझ्मातल्या बहुतांश पुटिका गाठीच्या नसतातच. प्लेटलेट्सच्या, लाल पेशींच्या, खुद्द टी-पेशींच्या असतात. थकलेल्या टी-पेशीही इतर टी-पेशींना काहीतरी कळवत असतात. म्हणून आता टी-पेशींची खूण असलेलं सीडी3 पकडणाऱ्या मण्यांनी टी-पेशींच्या पुटिका वेगळ्या करून दोन्ही वाटे स्वतंत्र तपासतो.

काकांच्या प्रश्नासाठी एकाच माणसाचं शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही रक्तं लागतात. आधीचं मिळतं. नंतरचं मिळवणं कठीण: पाद्रा-सावलीकडून येणाऱ्या माणसाची रोजंदारी बुडते, आणि नुसत्या रक्तासाठी कोण येणार? तपासणीची तारीख असेल त्याच दिवशी रक्त घ्यायचं असं डॉक्टरांशी बोलून ठरवलं. उपाशीपोटीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. जबडा काढलेला माणूस नाकातल्या नळीतून जेवतो, त्याचं वजन उतरलेलं असतं, आणि त्याला आमच्या चरबीच्या कणांपायी दुपारपर्यंत उपाशी ठेवणं मला मान्य नव्हतं. आता वॉर्डातल्या सिस्टर सकाळचं पहिलं दूध नळीतून देण्याआधी रक्त काढतात आणि आम्ही लवकर येऊन बसतो.

जोड-नमुने जमू लागले तसा नवा प्रश्न उभा राहिला. शस्त्रक्रियेनंतरही एखाद्या क्रमांकाच्या पुटिका टी-पेशींना पूर्वीइतक्याच थांबवत असतील, तर ते डॉक्टरांना कळवायचं का? नीतिसमितीपुढे हा विषय ठेवला आहे आणि आमच्यातच दोन मतं आहेत. मला वाटतं, आत्ता कळवू नये. आमच्या मोजणीवरून कोणाच्या तोंडाला पुन्हा सुरी लागावी इतकी ती पक्की नाही, आणि नुसती शंका घेऊन घरी गेलेल्या माणसाला आम्ही काहीच देऊ शकत नाही. वर्षभर पाठपुरावा झालेले पुरेसे जोड हातात आले, आणि ज्यांच्या पुटिका गप्प झाल्या नव्हत्या त्यांच्यातच गाठ परत आलेली दिसली, तर मी मत बदलेन.